विहिणीचं नाक

रेवा नावाची ती मुंबईची बाई उन्हं उतरायच्या सुमारास येणार होती, आणि तिच्यासाठी खायला काय करायचं यावरून चित्रा आणि क्षमाताई सकाळपासून एकदाही भांडल्या नव्हत्या. काशिनाथला काळजी वाटत होती ती नेमकी याचीच.

बायको आणि थोरली बहीण एका स्वयंपाकघरात सुखाने नांदताहेत, असं दृश्य चेन्नईजवळच्या तांबरमच्या या घराने फारसं पाहिलं नव्हतं. हेरंबने मोटारींच्या कंपनीतली नोकरी सोडून बँड काढला तेव्हा तर दोघींनी एकमेकींच्या पोराच्या नावाने बोटं मोडली होती. चित्राचं म्हणणं, क्षमाताईंच्या कौमुदीने आमच्या हेरंबला गाण्याच्या नादाला लावलं. क्षमाताईचं म्हणणं, हेरंबने गिटार आणली नसती तर आमची कौमुदी आज सी. ए. झाली असती. बँडमधल्या तिसऱ्या, एन्नोरच्या सुब्बाला दोघी बोलत नव्हत्या, कारण तो परका होता आणि शिवाय ड्रम वाजवून झाल्यावर जेवलेलं ताट स्वतः घासत होता.

आता मात्र दोघी शेजारी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होत्या. मध्येच एकीला हसू फुटायचं. मग दुसरीला. आणि दोघी एकमेकींपासून तोंड फिरवून हसायच्या.

"काय झालं एवढं हसायला?" काशिनाथने दारातून विचारलं.

"काही नाही," चित्रा म्हणाली. "पोरांचं कौतुक वाटतं."

"हो ना," क्षमाताई म्हणाली. "आणि गाणं काय सुरेख आहे!"

काशिनाथ मुकाट्याने बाहेर आला. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला, सगळेच खूश दिसले की कुठेतरी घोटाळा आहे हे कळतं.

गाणं सुरेख होतं यात शंका नव्हती. 'डांगर पचडी' हे तंजावरी पदार्थाचं नाव घेऊन ही तीन पोरं कॉलेजांच्या महोत्सवांत, बेसंट नगरच्या कॉफीच्या दुकानांत, एकदा तर एका लग्नात जेवणाच्या पंगती चालू असताना वाजवून आली होती. कोणी लक्ष दिलं नव्हतं. मग कौमुदीने आजीकडून ऐकलेलं एक जुनं तंजावरी गाणं हेरंबच्या गिटारीवर आणि सुब्बाच्या ठेक्यावर चढवलं आणि गच्चीवर उभं राहून म्हटलं. ते मोबाइलवर पसरलं. आता मराठीचा गंध नसलेली तमिळ पोरं कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच "मूक्कु! मूक्कु!" असं ओरडायची. मूक्कु म्हणजे नाक. गाणं नाकाचंच होतं.

नाक आलं दारीं, मागून आली विहीण,
नाकास द्या पाट ग, तीस पुरे जमीन.

चित्राला त्यातली गंमत कळली ती नवरात्रात. सासूबाईंनी तिला देवघरात बोलावून कानात सांगितलं होतं, "गाणं जुनं आहे हो, पण मी म्हणतें तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें क्षमाची सासू येते. तिरुवल्लिकेणीची. कोणास सांगूं नको." चित्राने शपथेवर कबूल केलं. क्षमाताईची सासू प्रत्येक सणाला या घरात येऊन भिंतीवरून बोट फिरवून धूळ बघत असे. तेव्हापासून चित्राला बँडचा अभिमान वाटू लागला. शेजारच्या लावण्याच्या मुलांना बोलावून ती त्यांना गाणं ऐकवायची, आणि दर वेळी पाटाची ओळ आली की तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

क्षमाताईला आईने तेच सांगितलं होतं, फक्त माणूस वेगळा. "चित्राची आई," अलकनंदाबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या होत्या. "नागपूरची. तिचं नाक पाहिलंस? कोणास सांगूं नको."

क्षमाताईने कोणाला सांगितलं नव्हतं. नुसतं दर रविवारी कौमुदीबरोबर तालमीला यायला सुरुवात केली होती.

*

रेवा आली ती गळ्यात जाडजूड हेडफोन आणि हातात लहानसं ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन. समुद्रकिनारी भरणाऱ्या 'वाळू महोत्सवा'त परंपरेच्या गाण्यांचा विभाग तिच्याकडे होता. संध्याकाळचा मोठा मंच, हजारो माणसं, देशभरातले पाहुणे. 'डांगर पचडी'चं नाव पत्रिकेवर छापायला गेलं होतं. फक्त गाणं जिच्या तोंडून आलं त्या आजीचं मुद्रण करून ठेवायचं बाकी होतं.

हेरंबने तिला दिवाणखान्यात बसवलं. भिंतीवर त्याच्या पणजीचा, म्हणजे आजोबांच्या आईचा, तुळजाबाईंचा मोठा फोटो होता. त्याखाली ते आजोबा, वसंतराव, बसले होते, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अजून इस्त्रीचा शर्ट घालून रविवार साजरा करणारे. मूळचे सातारचे. अलकनंदाबाई तंजावरच्या. लग्न झालं तेव्हा एकमेकांचं मराठी त्यांना निम्मंच कळायचं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

अलकनंदाबाई नऊवारी सावरून पाटावर बसल्या. त्यांनी दोन कडवी म्हटली. दुसरं असं होतं:

तूप हुंगी, ताक हुंगी, हुंगी देवाचा धूप,
नाक म्हणे, जगामध्यें माझेंच तेवढें रूप.

"वा!" रेवा म्हणाली. "आजी, ही विहीण कोण असेल, याबद्दल काही गोष्ट सांगतात का तुमच्याकडे?"

अलकनंदाबाईंनी उत्तर द्यायच्या आत चित्रा बशी पुढे करत म्हणाली, "अशा विहिणी काय, अजूनही असतात. तिरुवल्लिकेणीत शोधलंत तरी सापडेल."

क्षमाताईच्या हातातला पेला खाली आला. "तिरुवल्लिकेणीत? नागपुरात म्हणायचंय का तुला?"

"नागपूरचा काय संबंध?"

"संबंध आहे म्हणूनच म्हणतेय. आईनेच सांगितलंय मला."

"तुम्हाला सांगितलं? सासूबाईंनी मला सांगितलंय. नवरात्रात. देवघरात!"

दोघींनी एकदम अलकनंदाबाईंकडे पाहिलं. अलकनंदाबाई पदराच्या काठावरचं काहीतरी निरखून पाहू लागल्या.

"माझ्या आईचं नाक!" चित्राचा आवाज चढला. "म्हणून तुम्ही दर रविवारी येऊन टाळ्या पिटत होतात!"

"आणि तू त्या लावण्याच्या पोरांना माझ्या सासूचं नाक ऐकवत होतीस! परवा त्या इथे आल्या तेव्हा ती दोघं दारात उभी राहून म्हणत होती, त्यांना बघून!"

"उगी राहा दोघी," अलकनंदाबाई म्हणाल्या. "पाहुणी बसली आहे. भांडण काय, पाहुणी गेल्यावर."

कौमुदी ओठ चावत छताकडे बघत होती.  हेरंबने घाईघाईने रेवाला सांगितलं, "हे... घरचं आहे. गाणं तर दोनशे वर्षांपूर्वीचं. राजसबाईंचं."

"हो तर!" रेवा समजूतदारपणे हसली. "तुम्ही पाठवलेल्या माहितीत वाचलं मी. तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारातल्या कवयित्री. खरं सांगू, मला कमाल वाटते त्या बाईची. त्या काळात, एवढ्या धीटपणे, एवढं ठसकेबाज! आजच्या बायकांनासुद्धा हे सुचणार नाही."

"अगदी बरोबर बोललात!" वसंतरावांना हा विषय म्हणजे मेजवानी होती. "मी लग्नापासून ऐकतोय. हिच्या माहेरची ती राजसबाई म्हणजे काय बुद्धी! कारखान्यातल्या आमच्या कॉलनीत मी सगळ्यांना सांगायचो. आमच्या हिला पाठ आहेत एवढंच, पण रचणारी ती. तशी बाई पुन्हा होणे नाही."

"खरंच," रेवा म्हणाली. "प्रतिभा म्हणतात ती हीच."

अलकनंदाबाईंनी मान वर केली. हेरंबने ते पाहिलं आणि त्याला उगाचच वाटलं, आता यंत्र बंद केलेलं बरं. लहानपणी घरात कोणी दुसऱ्याच्या हातच्या रसमची स्तुती केली की आजीची मान अशीच वर व्हायची.

"अजून एक कडवं आहे," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"आजी, हे कधी सांगितलं नाहीस!" कौमुदी पुढे सरकली.

"कोणी विचारलं नाहीं."

आणि त्यांनी गळा साफ करून, स्पष्ट शब्दांत म्हटलं:

कुकर घाली शिट्टी, नाक धावे दारीं,
सुनेस शीळ घालतो मेला, कोण ग हा शेजारी?

हसला तो एकटा सुब्बा. सगळ्या गाण्यात त्याला कळलेला तो एकच शब्द होता. "कुकर-आ?" त्याने कौमुदीला विचारलं. "पाट्टी, सूपर!" पाट्टी म्हणजे आजी.



"कुकर?" रेवा हळूच म्हणाली. "दोनशे वर्षांपूर्वी?"

*

मुंबईला एक फोन करायला हवा म्हणून रेवा बाल्कनीत गेली. तिने दार लोटून घेतलं, आणि दिवाणखान्यात कुजबुजीची सभा भरली.

"सोपं आहे," हेरंब म्हणाला. "शेवटचं कडवं नंतर कोणीतरी जोडलं, असं सांगायचं. जुन्या गाण्यांत तसं होतंच. पहिली दोन राजसबाईंची."

"बरोबर," क्षमाताई म्हणाली.

"अगदी बरोबर," चित्रा म्हणाली. आत्ता घटकेपूर्वी एकमेकींच्या झिंज्या धरायला निघालेल्या या दोघी पुन्हा एका बाजूला आल्या होत्या. गाणं दोनशे वर्षांपूर्वीचं ठरलं तर नाक दोघींच्याही माहेर-सासरचं राहत नव्हतं.

काशिनाथने तर कमाल केली. ज्याने आयुष्यात कधी एका सहीऐवजी दुसरी सही चालवून घेतली नव्हती, तो म्हणाला, "किंवा कुकर नव्हेच म्हणावं. कोकरू. कोकरू शिट्टी घालतं."

"बाबा, कोकरू शिट्टी घालत नाही," हेरंब म्हणाला.

"तंजावरचं घालत असेल."

"थांबा जरा," कौमुदी म्हणाली. ती आजीसमोर मांडी घालून बसली. "आजी, खरं सांग. हे तू केलंस ना? सगळं?"

अलकनंदाबाईंनी वसंतरावांकडे चोरून एक नजर टाकली. "मी कुठली? राजसबाईचं आहे."

पण वसंतरावांचं इकडे लक्ष नव्हतं. ते स्वतःशीच काही जुळवत होते.

"शिट्टी," ते म्हणाले. "शेजारी. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आपल्याकडे कुकर आला, तेव्हा आई होती. पहिल्या शिट्टीला ती झाडू घेऊन बाहेर धावली आणि शेजारच्या नायरला म्हणाली, माझ्या सुनेला शीळ घालतोस? बिचारा दाढी करत होता." त्यांनी वर पाहिलं. बाकीच्यांनीही वर पाहिलं. भिंतीवरून तुळजाबाई खाली बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर छायाचित्रकाराला काही करता न आलेलं ते नाक होतं. तेच खाली वसंतरावांच्या चेहऱ्यावर होतं, काशिनाथच्या होतं, क्षमाताईच्या होतं.

"माझी आई," वसंतराव म्हणाले. "हजारो पोरं समुद्रावर माझ्या आईच्या नाकावर नाचणार."

ते उठले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

 मग अलकनंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पोदुम, पुरे झालं. मी पाहतें," म्हणाल्या आणि त्यांच्या मागे गेल्या.

*

वसंतराव पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. बायको आत आल्याचं त्यांना कळलं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

"राग आला?" अलकनंदाबाईंनी विचारलं.

"आला."

"सासू म्हणायचं धाडस नव्हतं. म्हणून विहीण केली. त्या वाईट नव्हत्या हो. मला सगळं शिकवलं त्यांनी. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्या नाकासमोर उभं राहायचं म्हणजे... कुठें तरी हसायला नको?"

"नाकाचं मला काही नाही," वसंतराव एकदम वळले. "नाक होतं. सगळ्या साताऱ्याला ठाऊक होतं. मला राग आला तो राजसबाईचा."

"तिनें काय केलं?"

"काय केलं? एवढी वर्षं मी तिची तारीफ करतोय. साहेबांसमोर केली, व्याह्यांसमोर केली, आत्ता त्या मुंबईच्या बाईसमोर केली. आणि तू शेजारी बसून ऐकत राहिलीस. एकदा तरी सांगायचं होतंस, की अहो, हे माझं आहे."

"सांगितलं असतं तर तारीफ केली असती?"

वसंतरावांना तो दिवस आठवला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अलकनंदाबाई ओट्याशी गुणगुणत होत्या आणि त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, कोणाचं ग हे? आईही तिथेच बसलेली होती. नव्या सुनेने माझं म्हटलं असतं तर आई काय म्हणाली असती ते त्यांना ठाऊक होतं. आपण काय म्हणालो असतो, तेही आता त्यांना दिसलं.

"नसती केली," ते म्हणाले.

"मग."

वसंतरावांनी विचारलं, "बाकीची गाणीही तुझीच? ती दिवाळीच्या फराळाची? जावयाच्या घोरण्याची?"

"होय."

"आणि राजसबाई? ती तरी होती का कोणी?"

अलकनंदाबाई पहिल्यांदाच गडबडल्या. "तुम्ही एकाएकी विचारलंत हो. नांव सुचेना. तंजावरास आमच्या गल्लीत एक होती. फार शांत होती. डोळे मोठे. दूध चोखट द्यायची."

"दूध विकायची?"

"विकायची नाहीं. द्यायची. म्हैस होती."

*

बाहेर रेवा बाल्कनीतून परत आली होती. हेरंब तिच्यासमोर बसला होता, आणि त्याने ठरवल्याप्रमाणे बोलायला सुरुवातही केली होती. "म्हणजे मॅम, तिसरं कडवं नंतरचं असणार. पण मूळ रचना राजसबाईंचीच. त्या दरबारात..."

आतून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा वाटला. मग कोणीतरी पलंगावर हात आपटत असल्यासारखा. दार उघडलं आणि डोळे पुसत वसंतराव बाहेर आले; मागोमाग अलकनंदाबाई येऊन पाटावर टेकल्या.

"दरबारात नव्हे रे," ते म्हणाले. "गोठ्यात!"

त्यांनी सगळं सांगून टाकलं. म्हैस, कुकर, झाडू, नायरची अर्धी दाढी, सगळं, हातवारे करून. कौमुदी जमिनीवर लोळायची बाकी होती. तिने सुब्बाच्या कानात तमिळमध्ये भाषांतर केलं आणि सुब्बाने उठून अलकनंदाबाईंना साष्टांग नमस्कार घातला. हेरंब मात्र पांढरा पडला होता. पत्रिकेवर छापायला पाठवलेला मजकूर त्याने स्वतः लिहिला होता. 'राजदरबारातील विस्मृत कवयित्री.' एका म्हशीबद्दल.

रेवाही हसली, अगदी पोट धरून. पण हसू आवरल्यावर ती म्हणाली, "हेरंब, परंपरेच्या विभागात हे आता मला घेता येणार नाही. तुम्हालाही ते आवडणार नाही."

"समजलं मला."

"दोन गोष्टी होऊ शकतात. संध्याकाळचा मोठा मंच तुमचाच राहील, पण दुसरं, खरोखरचं जुनं गाणं घ्यायचं. तुम्ही पाठवलेल्यांत ते गणपतीचं एक आहे, ते चालेल. नाहीतर नव्या गाण्यांचा लहान मंच आहे. दुपारचा. तिथे हे म्हणा, आजींच्या नावाने."

गणपतीचं गाणं जुनं होतं, त्यात वाद नव्हता. ते सुरू झालं की ऐकणारे मोबाइल काढायचे. पण मोठा मंच म्हणजे मोठा मंच. देशभरचे पाहुणे, पुढची बोलावणी. याच एका संध्याकाळसाठी हेरंबने नोकरीवर पाणी सोडलं होतं. त्याने कौमुदीकडे पाहिलं. कौमुदीने आजीकडे पाहिलं. आजी अंगठ्याने पाटाची कड घासत होती. ती कोणालाही काहीही सांगू शकणारी बाई होती, पण आत्ता तिला काही सांगायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं.

"सुब्बा?" हेरंबने विचारलं.

"दुपार म्हणजे ऊन," सुब्बा तमिळमध्ये म्हणाला. "ड्रमची कातडी तापणार." मग त्याने खांदे उडवले. "तापू दे. पाट्टीचं गाणं."

"दुपार," हेरंब रेवाला म्हणाला. "आणि राजसबाईचं नाव काढून टाका. शब्द आणि चाल, अलकनंदा वसंतराव... नाही. नुसतं अलकनंदा."

रेवाने मान डोलावली.

"दुपारी काळं कुत्रं येणार नाही तिकडे," काशिनाथ म्हणाला. सगळ्यांनी वैतागून त्याच्याकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला. "म्हणून म्हणतो, माणसं मी आणतो. आमच्या तीन शाखा आहेत किनाऱ्याजवळ. रविवारी घरी बसून करतात काय सगळे? छत्र्या घेऊन यायला सांगतो."

हेरंब बापाकडे बघतच राहिला. बँड काढल्यापासून बापाने या विषयावर उच्चारलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं.

"मी माझ्या सासूला आणते," क्षमाताई म्हणाली. "आता काय, नाक तिचं नाहीच म्हटल्यावर."

"आई पण येईल माझी, नागपूरहून," चित्रा म्हणाली. "पुढच्या रांगेत बसवू."

"माझ्या सासूच्या शेजारी नको."

"का? जागा नाही पुरणार?"

दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा फिस्सकन हसल्या, या वेळी तोंड न फिरवता.

रेवा जायला निघाली. हेरंब आणि सुब्बा तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. कौमुदी मुद्रणाची प्रत मोबाइलवर ऐकत बसली. अलकनंदाबाई स्वयंपाकघरात जाऊन रात्रीसाठी तांदूळ निवडू लागल्या. वसंतराव दिवाणखान्यात थोडा वेळ घुटमळले, मग दारात येऊन उभे राहिले.

"आईवर केलंस," ते म्हणाले. "जावयावर केलंस. फराळावर केलंस. माझ्यावर काही आहे का ग?"

कौमुदीने कानातला इअरफोन हळूच काढला.

अलकनंदाबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "आहे की."

"किती कडवी?"

"बरींच आहेत."

"मग म्हण ना."

अलकनंदाबाईंच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. ज्या बाईने सुनेला एक, लेकीला दुसरं आणि नवऱ्याला तिसरंच सांगून एवढा संसार ओढला, तिला आत्ता साधं खोटं सुचेना.

"तें पुरं झालं नाहीं अजून," त्या म्हणाल्या.

"एवढ्या वर्षांत?"

"माणूस पुरता कळल्याबिगर कसं पुरं होईल?"

वसंतरावांनी थोडा विचार केला. मग ते दिवाणखान्यात गेले, टीव्हीसमोरची आपली वेताची खुर्ची उचलून आणली, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात, ओट्याकडे तोंड करून ठेवली.

"मग मी इथेच बसतो," ते म्हणाले. "तुला बघायला बरं."